रक्तातलं न दिसणारं मोजायची पद्धत शोधली, जगाला शिकवली, पण रोझलिन यालो यांनी पेटंट काही घेतलं नाही

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं आठवा. घरात कुणाला कोरोना झाला की हातात रिपोर्टची चळत यायची. सीआरपी किती, डी-डायमर किती, फेरिटिन किती. आणि पेशंट सिरियस असला की अजून एक नाव कानावर पडायचं, आयएल-सिक्स. म्हणजे इंटरल्यूकिन-६.

ज्यांनी दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं अशी माणसंही त्या काळात व्हॉट्सअॅपवर एकमेकांना सायटोकाइन स्टॉर्म समजावून सांगत होती.

तर सायटोकाइन म्हणजे आपल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात ती छोटी प्रथिनं. शरीरात जंतू घुसला, कुठं जखम झाली की पेशी हे निरोप सोडतात. मग ताप येतो, सूज येते, लढणाऱ्या पेशी गोळा होतात. आयएल-सिक्स, टीएनएफ-अल्फा ही सगळी त्यातलीच मंडळी. हे निरोप प्रमाणाबाहेर सुटले की मात्र शरीर स्वतःलाच इजा करून घ्यायला लागतं.

आता यातली गोम बघा.

धडधाकट माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात आयएल-सिक्स असतं जेमतेम काही पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे किती, तर एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करायचे आणि त्यातला एक भाग घ्यायचा. आणि त्याच मिलिलिटरभर रक्तद्रवात बाकीची प्रथिनं असतात साधारण ७० मिलिग्रॅम. म्हणजे अख्ख्या कुंभमेळ्यात हरवलेला एक माणूस शोधण्यापेक्षाही अवघड काम.

तरीही लॅबवाला काही तासांत आकडा हातात देतो.

हे ज्या पद्धतीमुळं जमतं तिला म्हणतात इम्युनोअॅसे. आणि या पद्धतीचा पाया ज्यांनी घातला त्यात एक बाई होत्या. डॉक्टर नव्हत्या, फिजिक्सवाल्या होत्या. त्यांची पहिली लॅब म्हणजे हॉस्पिटलमधली झाडू-बादल्या ठेवायची खोली होती. त्यांचं नाव रोझलिन यालो.

रोझलिनचा जन्म १९ जुलै १९२१ चा, न्यूयॉर्कचा. माहेरचं आडनाव ससमन. ज्यू कुटुंब. आई लहानपणीच जर्मनीहून अमेरिकेत आलेली, वडील न्यूयॉर्कमध्येच जन्मलेले. दोघांचंही हायस्कूल पूर्ण झालं नव्हतं. पण पोरांनी शिकलंच पाहिजे यावर दोघंही ठाम होते.

पोरगी पहिल्यापासून हट्टी. गणितात हुशार. शाळेत केमिस्ट्रीची गोडी लागली आणि पुढं हंटर कॉलेजात गेल्यावर फिजिक्सनं वेड लावलं. हंटर हे तेव्हा न्यूयॉर्क शहराचं मुलींचं कॉलेज. फी नव्हती, त्यामुळं साध्या घरातल्या हुशार मुली तिथं शिकायच्या.

त्याच सुमारास मेरी क्युरी यांचं चरित्र प्रसिद्ध झालं होतं. त्यांच्या मुलीनं, इव्हनं लिहिलेलं. रोझलिननं ते वाचलं आणि आपण काय व्हायचं हे तिच्या डोक्यात पक्कं झालं.

१९३९ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठात एन्रिको फर्मी यांचं अणुविखंडनावर व्याख्यान झालं. सभागृह खचाखच भरलेलं. कॉलेजात शिकणारी रोझलिन त्या गर्दीत घुसून ते ऐकून आली. अणूच्या पोटातून बाहेर पडणारे किरण पुढं आयुष्यभर तिच्या कामाला येणार होते.

पण तेव्हा घरच्यांचं मत साधं होतं. पोरीनं प्राथमिक शाळेत मास्तरीण व्हावं, बस्स.

एम.ए., पीएच.डी.साठी अर्ज केले तर वेगळीच अडचण. पर्ड्यू विद्यापीठाकडून कळवण्यात आलं की ही मुलगी न्यूयॉर्कची आहे, ज्यू आहे आणि वरून बाई आहे. शिकल्यावर तिला नोकरी मिळेल याची हमी कुणी देत असेल तर बघू. हमी कोण देणार?

मग तिनं दुसरा मार्ग धरला. कोलंबियातल्या एका नामवंत बायोकेमिस्टकडं अर्धवेळ सेक्रेटरी म्हणून काम करायचं आणि त्या ओळखीनं मागच्या दारानं विज्ञानात शिरायचं. त्यासाठी स्टेनोग्राफी शिकावी लागणार होती. तिनं क्लासही लावला.

इतक्यात दुसऱ्या महायुद्धानं गणित बदललं. तरुण पोरं लष्करात आणि युद्धाच्या कामात जायला लागली, विद्यापीठांत जागा रिकाम्या पडायला लागल्या. १९४१ मध्ये इलिनॉय विद्यापीठाकडून फिजिक्स विभागात शिकवत शिकायची संधी आली. रोझलिननं स्टेनोग्राफीची पुस्तकं फाडून टाकली आणि बॅग भरली.

इलिनॉयच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे जवळजवळ ४०० जण होते. त्यात बाई ही एकटीच. १९१७ नंतर पहिल्यांदाच तिथं एखादी बाई आली होती. सगळ्या विषयांत ए मिळाला आणि एका प्रॅक्टिकलमध्ये ए-मायनस, तर विभागप्रमुखांनी त्याचाही अर्थ असा काढला की बायकांना प्रयोगशाळेतलं काम जमत नाही.

तिथंच आरन यालो नावाचा फिजिक्सचा विद्यार्थी भेटला. १९४३ मध्ये लग्न झालं. १९४५ मध्ये पीएच.डी. हातात पडली.

न्यूयॉर्कला परत आल्यावर यालो बाईंनी आधी एका टेलिकम्युनिकेशन लॅबमध्ये इंजिनिअर म्हणून काम केलं, मग आपल्याच हंटर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. पुढं कार्बनवरच्या संशोधनासाठी जगभर नाव झालेल्या मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस या त्यांच्याच तिथल्या विद्यार्थिनी.

पण बाईंना संशोधन करायचं होतं. युद्धानंतर किरणोत्सारी पदार्थ, म्हणजे रेडिओआयसोटोप, औषधोपचारासाठी मिळायला लागले होते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल होतं. त्यांना रेडिओआयसोटोपचं काम सुरू करायचं होतं आणि त्यासाठी फिजिक्स जाणणारं माणूस हवं होतं.

डिसेंबर १९४७ मध्ये यालो बाई तिथं अर्धवेळ रुजू झाल्या. जागा काय मिळाली, तर सफाई कामगारांची सामान ठेवायची खोली. किरणं मोजायची तयार यंत्रं बाजारात फारशी नव्हतीच. बरीचशी बाईंनी स्वतःच जोडून, तयार करून घेतली.

बाईंना फिजिक्स येत होतं, पण माणसाचं शरीर कळत नव्हतं. त्यासाठी डॉक्टर पाहिजे होता.

१९५० मध्ये तो मिळाला. नाव सॉलोमन बर्सन. वय ३२. हाही न्यूयॉर्कचा, यालाही आधी अनेक मेडिकल कॉलेजांनी प्रवेश नाकारलेला. उत्तम व्हायोलिन वाजवायचा, बुद्धिबळ खेळायचा आणि डोकं असं की समोरचा दमून जावा.

मग जमली जोडी. बाईंनी त्याला फिजिक्स शिकवलं, त्यानं बाईंना मेडिसिन शिकवलं. लहानशा लॅबमध्ये दोघं समोरासमोर बसून तासन्‌तास वाद घालायचे. एकानं कल्पना काढायची, दुसऱ्यानं ती मोडून बघायची. हे पुढची २० एक वर्षं चाललं.

मधल्या काळात बाईंना दोन मुलं झाली, १९५२ मध्ये बेंजामिन आणि १९५४ मध्ये एलाना. घर हॉस्पिटलपासून जवळच घेतलं होतं. पोरांचं आवरायचं, स्वयंपाक करायचा आणि परत लॅब गाठायची, असं रुटीन होतं.

आता येऊ मुख्य किश्श्याकडं.

त्या काळी डायबेटिसबद्दल एक सिद्धांत चर्चेत होता. मोठेपणी डायबेटिस होणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिन फार लवकर नष्ट होत असावं, असा तो सिद्धांत. यालो आणि बर्सन यांनी ठरवलं, हे तपासून बघू.

इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीन जोडलं. म्हणजे प्रत्येक इन्सुलिनच्या कणाला जणू घंटा बांधली. मग ते लोकांच्या शिरेत टोचलं आणि रक्तातून किती वेगानं गायब होतं ते मोजलं.

अपेक्षा अशी की डायबेटिसवाल्यांच्या रक्तातून ते झटकन नाहीसं होईल. झालं उलटंच. ज्यांनी आधी इन्सुलिनची इंजेक्शनं घेतली होती त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकत होतं. डायबेटिस नसलेल्या, पण मानसिक आजारावर इलाज म्हणून इन्सुलिन दिलेल्या पेशंटमध्येही तेच दिसलं.

म्हणजे आजाराचा संबंध नव्हता. संबंध होता आधी घेतलेल्या इंजेक्शनचा.

दोघांनी अर्थ लावला तो असा. तेव्हाचं इन्सुलिन गाय आणि डुकरापासून काढलेलं असायचं. माणसाचं शरीर त्याला परकं समजत होतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करत होतं. त्या अँटिबॉडीनं इन्सुलिनला धरून ठेवलं की ते रक्तात अडकून पडत होतं.

आज हे ऐकून कुणाला काही वाटणार नाही. पण १९५५ मध्ये हे बोलणं म्हणजे आगाऊपणा होता. इन्सुलिनसारख्या इवल्याशा कणाविरुद्ध अँटिबॉडी बनूच शकत नाही, असं तेव्हाचे जाणकार मानायचे.

सायन्स या नावाजलेल्या नियतकालिकानं पेपर परत पाठवला. मग जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशनकडं दिला, त्यांनीही आधी नाकारला. बरीच घासाघीस झाली. शेवटी शीर्षकातून अँटिबॉडी हा शब्द काढून टाकल्यावर १९५६ मध्ये तो छापून आला.

यालो बाईंनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं. त्याचा उपयोग पुढं व्हायचा होता.

पण खरा डाव पुढंच आहे. अँटिबॉडी इन्सुलिनला इतकी पक्की धरून ठेवते तर मग तिचाच वापर करून इन्सुलिन मोजता येईल की, हे दोघांच्या लक्षात आलं. जी गोष्ट असूच शकत नाही असं सांगितलं गेलं होतं, तीच त्यांनी मोजमापाची पट्टी म्हणून वापरायला घेतली.

हे कसं चालतं ते एसटीच्या भाषेत बघू.

समजा स्टँडवर एक गाडी लागलीय. सीट आहेत ४०. उभं राहून प्रवास करायला परवानगी नाही. लाल टोपी घातलेले ४० प्रवासी तुम्ही स्वतः आणून उभे केलेत. त्यांच्याशिवाय बिनटोपीची गर्दी आहे, पण ती नेमकी किती हे माहीत नाही. दार उघडलं, रेटारेटी झाली, गाडी भरली.

आता आत फक्त लाल टोप्या मोजायच्या. ४० च्या ४० दिसल्या तर बाहेर दुसरं कुणी नव्हतंच. २० दिसल्या तर निम्म्या सीट बिनटोपीवाल्यांनी पटकावल्या, म्हणजे तेही साधारण ४० होते. दहाच दिसल्या तर गर्दी दांडगी होती.

सीट म्हणजे अँटिबॉडी. लाल टोपीवाले म्हणजे किरणोत्सारी इन्सुलिन. बिनटोपीवाले म्हणजे पेशंटच्या रक्तातलं इन्सुलिन. आणि टोप्या मोजणारा म्हणजे किरणं मोजायचं यंत्र. अँटिबॉडी फक्त इन्सुलिनलाच बसू देते, रक्तातल्या बाकीच्या प्रथिनांना ती ओळखतही नाही. त्यामुळं कुंभमेळा कितीही मोठा असला तरी फरक पडत नाही.

याच्याआधी इन्सुलिन मोजायचं तर उंदराच्या श्वासपटलाचा तुकडा रक्तद्रवात ठेवून त्यानं किती साखर शोषली ते बघावं लागायचं. आता गिनीपिगमध्ये तयार केलेली अँटिबॉडी आणि थोडंसं रक्त एवढ्यावर काम व्हायला लागलं. १९५९ मध्ये दोघांनी माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन या पद्धतीनं मोजून दाखवलं. पद्धतीचं नाव पडलं रेडिओइम्युनोअॅसे, थोडक्यात आरआयए.

पहिल्याच फटक्यात एक मोठी समजूत कोसळली. मोठेपणी डायबेटिस झालेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतं, उलट जास्त होतं. इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, हा आज टाइप-२ डायबेटिसबद्दल घरोघरी माहीत असलेला मुद्दा त्या मोजणीतून पुढं आला.

इथं दोघांसमोर पैशाचा मोठा रस्ता उघडा होता. पेटंट घ्यायचं, जगभरातल्या लॅबकडून पैसे घ्यायचे. त्यांनी ते केलं नाही. उलट कुणीही यावं, शिकावं, आपल्या गावी जाऊन वापरावं असं धोरण ठेवलं. ब्राँक्सच्या त्या लॅबमध्ये देशोदेशीचे तरुण संशोधक येऊन शिकून गेले.

त्याचा परिणाम असा झाला की १९६० च्या दशकात ही पद्धत वणव्यासारखी पसरली. उंची वाढवणारं ग्रोथ हार्मोन, थायरॉइडची हार्मोन्स, पोटातलं गॅस्ट्रिन, सगळं मोजता यायला लागलं. दान केलेल्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे का ते तपासता यायला लागलं. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडचा दोष वेळेत पकडता यायला लागला. नाहीतर तो दोष कळेपर्यंत बाळाच्या मेंदूचं नुकसान होऊन गेलेलं असायचं.

आपल्याकडंही मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं आणि थायरॉइडच्या कामासाठी नावाजलं. पुढं नवी मुंबईतल्या वाशीहून ब्रिट ही सरकारी संस्था थायरॉइडच्या आरआयए किट देशभरच्या लॅबना पुरवायला लागली.

इकडं जोडीत मात्र बदल होत होता. १९६८ मध्ये बर्सन माउंट सायनाय मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागाचे प्रमुख म्हणून गेले. आणि ११ एप्रिल १९७२ ला एका वैद्यकीय परिषदेसाठी गेलेले असताना हार्ट अटॅकनं त्यांचं निधन झालं. वय फक्त ५३.

यालो बाईंसाठी हा घाव दुहेरी होता. एक तर २२ वर्षांचा साथीदार गेला. आणि दुसरं म्हणजे बऱ्याच लोकांच्या मते डोकं बर्सनचं होतं आणि बाई नुसत्या हात चालवत होत्या. शिवाय नोबेल पारितोषिक गेलेल्या माणसाला देत नाहीत. आता ते काही मिळत नाही, असंच अनेकांना वाटलं.

बाईंनी काय केलं, तर आधी लॅबला बर्सन यांचं नाव द्यायला लावलं. म्हणजे आपण जो पेपर छापू त्याच्यावर पत्ता म्हणून का होईना, सॉलोमन बर्सन हे नाव येत राहील. आणि मग दिवसरात्र काम करायला घेतलं.

१९७६ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. मूलभूत वैद्यकीय संशोधनाचा तो पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि १९७७ मध्ये नोबेल. निम्मं पारितोषिक यालो बाईंना आणि निम्मं रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली या दोघांत. हे दोघं मेंदूतल्या हार्मोनवर काम करत होते आणि ते काम करायला त्यांनाही आरआयए लागलंच होतं.

वैद्यकातलं नोबेल मिळवणाऱ्या यालो बाई जगातल्या फक्त दुसऱ्या महिला. पहिल्या होत्या गर्टी कोरी, त्याला तोवर ३० वर्षं उलटली होती.

आणि मग ते जपलेलं पत्र बाहेर आलं. स्टॉकहोमच्या नोबेल व्याख्यानात बाईंनी २२ वर्षांपूर्वीचा तो नकार जगापुढं मांडला. आरडाओरडा नाही, टोमणे नाहीत. नुसतं पत्र दाखवलं.

या सगळ्या काळात पद्धतही पुढं सरकत होती. किरणोत्सारी पदार्थ वापरायचे म्हणजे परवाने आले, खास यंत्रं आली, शिवाय त्यांचं आयुष्य थोडं. १९७१ मध्ये स्वीडन आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे किरणांऐवजी एन्झाइम वापरलं. लाल टोपीच्या जागी रंग बदलणारी टोपी आली म्हणा ना. हीच आपली एलायझा टेस्ट. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी हुबेहूब एकसारख्या अँटिबॉडी हव्या तितक्या बनवायची युक्ती काढली. गंमत म्हणजे त्याचंही पेटंट घेतलं गेलं नाही.

आज सायटोकाइन मोजायची किट उघडली तर आत ९६ खळगे असलेली प्लॅस्टिकची प्लेट असते. खळग्याच्या तळाला एक अँटिबॉडी चिकटवलेली. सॅम्पल टाकलं की ती आयएल-सिक्सला पकडते, बाकी सगळं धुऊन टाकतात. मग दुसरी अँटिबॉडी वरून येऊन बसते आणि आयएल-सिक्स दोघींच्या मध्ये सापडतं. म्हणून याला सँडविच म्हणतात. वरच्या अँटिबॉडीला जोडलेलं एन्झाइम रंग आणतं. जितकं सायटोकाइन जास्त तितका रंग गडद. सोबतच्या ठरावीक मापाच्या नमुन्यांच्या रंगाशी ताडून आकडा काढतात. मोठ्या हॉस्पिटलात रंगाऐवजी प्रकाश मोजणारी मशीन असतात, पण तत्त्व तेच.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन कंपन्यांच्या किटमधल्या अँटिबॉडी वेगळ्या असतात, मापाचे नमुने वेगळे असतात. त्यामुळं एका लॅबचा आयएल-सिक्सचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी थेट ताडून घाबरायचं किंवा खूश व्हायचं कारण नसतं. रक्त घेतल्यावर ते किती वेळ बाहेर राहिलं यानंही आकडा हलतो.

यालो बाई १९९१ मध्ये निवृत्त झाल्या. ज्या ब्राँक्समध्ये झाडूच्या खोलीतून काम सुरू केलं होतं, त्याच ब्राँक्समध्ये ३० मे २०११ ला वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पेटंट घेतलं असतं तर बाई आणि बर्सन दोघंही मालामाल झाले असते, यात शंका नाही. पण मग थायरॉइडची, डायबेटिसची, आयएल-सिक्सची तपासणी तालुक्याच्या लॅबपर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागली असती, हे सांगणं अवघड आहे.